‘सरांना सांगू नको’ म्हणणाऱ्या लॅबमध्ये जाऊ का?

ताई,

मी मायक्रोबायोलॉजीची पदवीधर. दोन वर्षं एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. लघवी, रक्त, थुंकी, पू यांची कल्चर लावायची (नमुन्यातले जंतू वाढवून पाहायचे) आणि रिपोर्ट द्यायचे, हेच काम दिवसभर. नोकरी कायम आहे, पण आता त्यात शिकण्यासारखं काही उरलेलं नाही. मध्यंतरी एका संशोधन संस्थेत मुलाखत दिली. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या जंतूंवर प्रोजेक्ट आहे, तीन वर्षांचा करार. निवड झाली आहे आणि पंधरा दिवसांत कळवायचं आहे.

आई म्हणते, “विकतचं दुखणं घरी आणशील.” घरात वहिनीचं तान्हं बाळ आहे, त्यामुळे दादाही तिच्याच बाजूने. मुलाखतीत प्रोजेक्टचे प्रमुख हसत म्हणाले, “टेक्निशियनचे हात चांगले हवेत, डोकं आम्ही लावू.” ते मनात सलतंय. लॅब दाखवायला नेलं तेव्हा बाहेरच्या खोलीत तिथल्या एकाच्या हातून ट्यूबचा रॅक पडला, एक ट्यूब फुटली. त्याने टिश्यूने पुसलं, वर स्पिरिट मारलं आणि मला म्हणाला, “सरांना सांगू नको हं.” ट्यूबमध्ये काय होतं ते मला माहीत नाही.

जाऊ का? की आहे तिथेच बरी?

— एक वाचक

*

तुझ्या पत्रात चार काळज्या आहेत आणि त्यांतली सगळ्यात मोठी तू जाता जाता शेवटी लिहिली आहेस. त्या रॅककडे येतेच. त्याआधी ते ‘डोकं आम्ही लावू’ निकालात काढू, नाहीतर तू पुढचं नीट वाचणार नाहीस.

हे वाक्य बऱ्याच साहेबांच्या तोंडी असतं. त्यात बहुतेक वेळा दुष्टावा नसतो. त्यांनी स्वतः बेंचवर बसून बरीच वर्षं झालेली असतात, एवढंच. तू ज्या प्रोजेक्टमध्ये जाणार आहेस तिथलंच उदाहरण घे. क्षयाचा जंतू एखाद्या औषधाला दाद देतो की नाही हे पाहायची जुनी आणि भरवशाची रीत म्हणजे प्रपोर्शन मेथड. कल्चर द्रवात कालवून सस्पेन्शन करायचं, ते पातळ करत केलेली डायल्यूशन्स औषध घातलेल्या आणि बिनऔषधाच्या मीडियावर (जंतूंच्या खाद्यावर) टाकायची, आणि काही आठवड्यांनी कॉलन्या, म्हणजे उगवलेले जंतूंचे ठिपके, मोजायच्या. औषधाच्या मीडियावर कंट्रोलच्या, म्हणजे बिनऔषधाच्या मीडियावरच्या वाढीच्या, १ टक्का किंवा त्याहून जास्त वाढ दिसली की जंतू रेझिस्टंट, औषधाला दाद न देणारा. सगळा निवाडा शंभरात एक या हिशोबावर उभा आहे. आता हा जंतू मेणचट, गुठळ्या करून राहणारा. सस्पेन्शन नीट एकजीव झालं नाही आणि एका ट्यूबमध्ये गुठळी गेली, किंवा पिपेटच्या टिपमध्ये बुडबुडा राहिला, तर औषधाला दाद देणारा जंतू कागदावर रेझिस्टंट ठरतो. पुढे त्या आकड्यावर आलेख निघतात, पेपर लिहिले जातात. प्रमुखांच्या डोक्यापर्यंत जे पोचतं ते तुझ्या हातांनी ठरवलेलं असतं, आणि गुठळी दिसल्यावर थांबायचं की पुढे जायचं हा निर्णय हात घेत नाहीत.

तुला हॉस्पिटलमध्ये जे अंगवळणी पडलंय त्यातलं बरंच तिथे उपयोगी पडेल. थोडं मुद्दाम विसरावंही लागेल. तुझी रोजची ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीसेक मिनिटांत दुप्पट होते. आज प्लेट लावली की उद्या सकाळी कॉलन्या हजर. क्षयाच्या जंतूला तेवढ्यासाठी जवळजवळ वीस तास लागतात. लोवेनस्टाईन-जेन्सन मीडियाच्या हिरवट, तिरप्या स्लोपवर वाढ दिसायला तीन-चार आठवडे जातात आणि ‘वाढ नाही’ असं म्हणायला आठ आठवडे थांबावं लागतं. द्रव मीडियाच्या यंत्रात हे लवकर होतं, पण तिथेही निगेटिव्ह ठरवायला ४२ दिवस धरतात. तू आज केलेली चूक दीड महिन्याने दिसते. तेव्हा त्या दिवशी काय केलं होतं हे आठवणीतून काढायला गेलीस तर काहीही हाती लागणार नाही, फक्त वहीत सापडेल.

कंटॅमिनेशनचंही, म्हणजे कल्चरमध्ये नको ते जंतू शिरण्याचंही, तसंच. तुझ्या सध्याच्या लॅबमध्ये कंटॅमिनेशन म्हणजे नुसती नामुष्की. क्षयाच्या लॅबमध्ये गणित वेगळं आहे. थुंकीत इतर असंख्य जंतू असतात आणि ते झपाट्याने वाढून क्षयाच्या जंतूला जागाच ठेवत नाहीत. म्हणून आधी सोडियम हायड्रॉक्साइडने ते मारायचे. मात्रा किंवा वेळ कमी पडली तर ट्यूब बुजबुजते, जास्त झाली तर हवा असलेला जंतूही मरतो. म्हणून थुंकीच्या घट्ट मीडियावरच्या कल्चरमध्ये साधारण ३ ते ५ टक्के कंटॅमिनेशन हे काम ठीक चालल्याचं लक्षण मानतात. आमच्याकडे एकही ट्यूब खराब होत नाही असं कुणी छाती फुगवून सांगितलं, तर मला आधी त्यांच्या निगेटिव्ह रिपोर्टांची काळजी वाटते.

आणखी एक सांगते, कारण नेहमीच्या लॅबमधून संशोधनात येणाऱ्या प्रत्येकाला ते कामाचं आहे. पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन जठरातल्या वाकड्या जंतूच्या मागे होते. कल्चर काही केल्या येत नव्हतं, कारण लॅबच्या नियमाप्रमाणे ४८ तासांत काही दिसलं नाही की प्लेट फेकून द्यायची. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत प्लेट्स पाचेक दिवस इनक्युबेटरमध्ये तशाच राहिल्या आणि कॉलन्या उगवल्या. तोच पुढे हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणून ओळखला गेला, आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. प्लेट्स फेकणाऱ्या टेक्निशियनचं काही चुकत नव्हतं, ते आपल्या लॅबचा नियम पाळत होते. तो नियम नेहमीच्या रिपोर्टांसाठी होता. संशोधनात तुला एसओपी, म्हणजे कामाची लेखी ठरलेली पद्धत, काटेकोर पाळावी लागेल आणि तिच्याकडे संशयानेही पाहावं लागेल. कुणालाही न विचारता ती बदलणं मात्र चालणार नाही. ‘साहेब, ही अजून चार दिवस ठेवू का?’ एवढं विचारण्याची मुभा हवी. ती तिथे आहे की नाही, हे त्या हसऱ्या वाक्यावरून आत्ताच ठरवू नकोस.

आता आई.

तिला ‘काही होत नाही’ असं सांगू नकोस, ते खोटं ठरेल. प्रयोगशाळेतून संसर्ग होतात. रॉबर्ट पाईक यांनी १९७६ मध्ये अशा सुमारे चार हजार घटनांचा ताळेबंद मांडला होता. त्यांतल्या २० टक्क्यांहूनही कमी ठिकाणी नेमका अपघात दाखवता आला. बाकीच्यांत कधी, कसं झालं हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. क्षयाच्या बाबतीत याचं कारण हवेत आहे. सेंट्रिफ्यूजची बकेट बाहेरच उघडली, पिपेटचा शेवटचा थेंब फुंकून काढला, व्हॉर्टेक्सच्या यंत्रावर घुसळून होताच ट्यूबचं झाकण काढलं, की दिसणार नाहीत एवढे बारीक थेंब उडतात आणि श्वासाबरोबर आत जातात. सुई टोचली तर निदान कळतं तरी.

दुसरी बाजूही तिला सांग. क्षय कपड्यांवरून, डब्यावरून किंवा अंगाला हात लावल्याने घरी येत नाही. बाळाला धोका तेव्हाच, जेव्हा तुला स्वतःला फुप्फुसाचा क्षय होईल आणि तो कुणाच्या ध्यानात येणार नाही. नुसता संसर्ग झाला, आजार नाही, अशा माणसाकडून तो पसरत नाही, आणि संसर्ग झालेल्यांपैकी आयुष्यभरात साधारण ५ ते १० टक्क्यांनाच आजार होतो. म्हणून रुजू होतानाच छातीचा एक्स-रे आणि क्षयसंसर्गाची रक्ताची किंवा त्वचेची चाचणी करून घ्यायची, ती ठरावीक काळाने पुन्हा करायची, आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर लगेच सांगायचं. औषधांना दाद न देणाऱ्या जातीचा आजार झाला तर उपचार लांबतात आणि त्रासही जास्त होतो, हे मी लपवणार नाही. तू स्वतः प्रतिकारशक्ती कमी करणारं औषध घेत असशील, मधुमेह असेल किंवा मूल होऊ देण्याचा विचार असेल, तर तिथल्या डॉक्टरांशी आधी मोकळेपणाने बोल.

आणि हे आईला कुणी सांगितलेलं नसणार: आत्ता तू जी थुंकी हाताळतेस तिच्यात काय आहे हे तुला माहीत नसतं. चांगल्या संशोधन लॅबमध्ये काय आहे ते ठाऊक असतं आणि त्यासाठीच ती बांधलेली असते. मात्र कल्चरमध्ये जंतूंची संख्या थुंकीच्या कितीतरी पट असते, त्यामुळे ‘चांगल्या’ या शब्दावर सगळं अडून आहे.

तर, रॅक. बाहेरच्या खोलीत पडला, म्हणजे कदाचित ट्यूबमध्ये नुसता बफर, जंतू नसलेला द्रव, असेल. कल्चर त्या खोलीत येताच कामा नये. पण बफर असेल तर लपवायचं काय होतं? काचेचे पैसे कापतात म्हणून? सगळ्यांसमोर तासतात म्हणून? दोन्ही कारणं मला सारखीच वाईट वाटतात. आज बफर लपवायला शिकलेला माणूस उद्या कल्चरही लपवणार.

कल्चर सांडलं तर खरं काय करायचं असतं ते बघ, म्हणजे टिश्यू आणि स्पिरिट किती पोकळ आहे ते कळेल. बायोसेफ्टी कॅबिनेटच्या (जंतू हाताळायच्या, हवा आत खेचणाऱ्या पेटीच्या) बाहेर सांडलं तर श्वास रोखून, सगळ्यांना ओरडून सांगून खोलीबाहेर पडायचं, दार बंद करायचं, दारावर पाटी लावायची. किमान अर्धा तास आत कुणी जायचं नाही, हवेतले थेंब तोवर बाहेर खेचले जातात. मग पूर्ण पोशाख आणि फिट टेस्ट केलेला (चेहऱ्याला घट्ट बसतो हे तपासलेला) मास्क घालून जायचं, सांडलेल्यावर शोषून घेणारा कागद अंथरायचा, कडेकडून मध्याकडे जंतुनाशक ओतायचं आणि लेबलावर असेल तेवढा वेळ थांबायचं. काच चिमट्याने उचलायची, हाताने कधीच नाही. आणि मग लिहायचं. स्पिरिट भुर्रकन उडतं, जंतूला ते पुरेसा वेळ लागतच नाही. शिवाय पुसणारा माणूस त्या अर्ध्या तासात नेमका त्याच हवेत वाकून उभा असतो.

न सांगितलेली गोष्ट कुठवर जाते याचं एक जुनं उदाहरण आहे. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी शास्त्रज्ञ हाफकिन यांनी तयार केलेली प्लेगची लस टोचली गेली आणि एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. खापर हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर फुटलं, त्यांना काम सोडावं लागलं. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता त्यानेच बूच काढलं, या मुद्द्याला वजन मिळायला १९०७ उजाडलं. चिमटा कुणाच्याही हातून पडू शकतो. ‘पडला, दुसरा द्या’ म्हणायला एक क्षण लागला असता. हाताखालच्या माणसाला तो क्षण परवडला पाहिजे, आणि तो परवडतो की नाही हे वरचा माणूस ठरवतो. जंतूंपेक्षा, माणसाला गप्प बसायला लावणाऱ्या लॅबची भीती मला जास्त वाटते.

म्हणून पंधरा दिवस हातात आहेत तर पुन्हा एकदा जा. ‘कामाची जागा नीट पाहायची आहे’ असं सांगितलंस तर कुणाला गैर वाटू नये. वाटलं तर तेही उत्तरच. चकाचक यंत्रं बघून भुलू नकोस. बायोसेफ्टी कॅबिनेटच्या पुढच्या जाळीकडे बघ. त्या जाळीतून हवा आत खेचली जाते आणि तोच तुझ्या नाकाचा पहारा. जाळीवर वही, टिश्यूचा डबा किंवा कोपर टेकवलेला दिसला तर तो पहारा उठलेला आहे. आत हात घातल्यावर हवा स्थिर व्हायला मिनिटभर थांबतात का, हेही दिसेल. कॅबिनेटवर तपासणीचा स्टिकर असतो, त्यावरची तारीख वर्षाच्या आतली हवी. आणि ते खरंच बायोसेफ्टी कॅबिनेट आहे ना, हे विचार. लॅमिनार फ्लोचं साधं बेंच दिसायला तसंच, पण ते स्वच्छ हवा प्लेटवरून तुझ्या तोंडावर सोडतं. मीडिया ओतायला उत्तम. जंतू हाताळायला बसलीस तर स्वतःवर फवारा मारून घेतल्यासारखं. ही गल्लत होते, मी पाहिली आहे.

ऑटोक्लेव्हजवळ (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राजवळ) गेलीस तर टेपचा रंग बदलला यावर समाधान मानू नकोस. टेप फक्त उष्णता लागल्याचं सांगते. शेवटची स्पोअर टेस्ट कधी झाली, ते विचार. जिओबॅसिलस या जंतूचे उष्णतेला चिवट स्पोअर मेले असतील तरच १२१ अंश खरोखर आतपर्यंत पोचले असं म्हणता येतं. ग्लोव्हज घातलेल्या हातात मोबाइल दिसतोय का, एवढ्या एका गोष्टीवरूनही पुष्कळ कळतं.

आणि मग प्रमुखांना सरळ विचार: “इथे शेवटचं कल्चर कधी सांडलं होतं? तेव्हा काय केलं?” त्या मुलाचं नाव घेऊ नकोस, प्रसंगही काढू नकोस, पहिल्याच दिवशी कुणाला तोंडघशी पाडून आत जायचं नाही. “आमच्याकडे असं होतच नाही” हे उत्तर आलं तर माझं मत ‘जाऊ नकोस’. ज्या लॅबमध्ये रोज शेकडो ट्यूब हाताळल्या जातात तिथे कधीच काही सांडत नाही, हे कसं शक्य आहे? याउलट त्यांनी नोंदवही काढून दाखवली, अमुक महिन्यात हे झालं, मग आम्ही रॅक बदलले, असं काही सांगितलं, तर ‘डोकं आम्ही लावू’ हे वाक्य माफ करून टाक आणि जा. मग तो मुलगा एकटाच घाबरट असेल, आणि ते सुधारता येतं.

गेलीस तर पहिल्या दिवसापासून वही आपली स्वतःची शिस्त म्हणून ठेव. पेनने लिही, खोडरबर आणि व्हाइटनर नको. चुकलं तर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. मीडियाचा लॉट नंबर, कंट्रोल स्ट्रेन एच३७आरव्हीने (तुलनेसाठी ठेवलेल्या, औषधांना दाद देणाऱ्या जातीने) त्या दिवशी काय केलं, आणि जे तुला विचित्र वाटलं ते. विचित्र वाटलेलं लोक लिहीत नाहीत आणि सहा महिन्यांनी नेमकं तेच हवं असतं. औषधाच्या ट्यूबमध्ये एच३७आरव्ही वाढला तर ती सगळी बॅच बाद, कितीही आठवडे गेलेले असोत. त्या दिवशी कुणीतरी म्हणेल, “बाकीचं बरोबर दिसतंय, जाऊ दे.” जाऊ देऊ नकोस. लिहून ठेव आणि प्रमुखांच्या कानावर घाल.

पेपरवर नाव येण्याचं विचारलं नाहीस, पण ‘सलतंय’ या शब्दात ते आहेच. क्षयाचा जंतू शोधणाऱ्या रॉबर्ट कोख यांच्या प्रयोगशाळेत जिलेटिनवर जंतू वाढवत. उन्हाळ्यात ते वितळायचं, आणि काही जंतू ते खाऊन पातळ करायचे. अगार (समुद्री शेवाळातला थिजणारा पदार्थ) वापरा, ही सूचना तिथे काम करणाऱ्या वाल्टर हेस्से यांच्या बायकोची, फॅनी हेस्से यांची. ती नवऱ्याला लॅबमध्ये बिनपगारी मदत करायची, सूक्ष्मदर्शकातली चित्रं काढून द्यायची. १८८२ मध्ये कोख यांनी क्षयाच्या जंतूवर लिहिताना अगारचा उल्लेख केला, तिचा नाही. पेट्री डिशमुळे पेट्री यांचं नाव मात्र आपण दिवसातून पन्नास वेळा घेतो. तेव्हा नाव आपोआप येईल या भरवशावर राहू नकोस. रुजू होण्याआधीच विचार, टेक्निशियनचं नाव पेपरवर कधी येतं आणि आभारात कधी. नुसत्या ठरलेल्या चाचण्या केल्यास तर आभार हे रास्त. एखादी पद्धत तू बसवलीस, निकालांचा अर्थ लावण्यात भाग घेतलास, मसुदा वाचून सूचना केल्यास, तर लेखकांत नाव मागणं हा आगाऊपणा नाही. त्यांच्या मागच्या तीन-चार पेपरांतली आभाराची ओळ वाच, तिथली रीत कळून येईल.

कराराबद्दल थोडक्यात. तीन वर्षांनी निधी संपला तर काय, हे तोंडी आश्वासनावर सोडू नकोस. कामावर असताना संसर्ग झाला तर उपचाराचा खर्च आणि रजा कोण देणार, विमा आहे का, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मिळेल का, हे लेखी घे. बीएसएल-३ मध्ये, म्हणजे घातक जंतूंसाठीच्या कडक सुरक्षेच्या लॅबमध्ये, हात बसलेला माणूस, ज्याला मॉलिक्युलर चाचण्याही येतात, त्याला पुढे काम शोधायला तुझ्या आत्ताच्या नोकरीपेक्षा जास्त दारं असतात असं मला वाटतं. तरीही घर तुझ्या पगारावर चालत असेल तर कायमची नोकरी सोडताना दहा वेळा विचार करण्यात कमीपणा नाही. ते तुला माहीत, मला नाही.

नेमणूकपत्र हातात पडेपर्यंत राजीनामा देऊ नकोस. आणि रुजू होताना जी चाचणी आणि एक्स-रे होईल त्यांच्या प्रती स्वतःजवळ ठेव, संस्थेच्या फायलीवर विसंबू नकोस.